नदीचा तळ, ध्वनिलहरी आणि शिंपले

प्रश्न : अमेरिकेत सोनारच्या (पाण्यात ध्वनिलहरी सोडून तळाचा वेध घेणाऱ्या उपकरणाच्या) साहाय्याने नदीच्या तळाचे नकाशे तयार करून गोड्या पाण्यातील शिंपल्यांचा अभ्यास केला जातो, असे वाचनात आले. गढूळ पाण्यातले एवढेसे शिंपले सोनारला दिसतात का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : शिंपले सहसा दिसत नाहीत, दिसते ती त्यांच्या राहण्याची जागा. शिंपला वाळूत किंवा खडीत अर्धाअधिक रुतून बसतो, त्यामुळे तो सोनारच्या चित्रात वेगळा ओळखू येणे कठीणच. होडीला बसवलेले उपकरण दोन्ही बाजूंना ध्वनिलहरी सोडते आणि तळावरून परतलेल्या लहरींच्या तीव्रतेनुसार चित्र उमटत जाते. धोंडे उजळ दिसतात व त्यांच्यामागे काळी सावली पडते, वाहत्या वाळूवर वळ्या उमटतात, बुडालेले झाड तर फांद्यांसकट ओळखता येते. जीपीएसची जोड असल्याने या चित्रांचा नकाशा करता येतो. मासेमारीच्या हौशी लोकांसाठी विकल्या जाणाऱ्या स्वस्त सोनारवर हे काम भागते, ही पद्धत अ‍ॅडम केझर आणि थॉमस लिट्स या संशोधकांनी २०१० मध्ये मांडली. जॉर्जिया राज्यातील ओढ्यांवर त्यांनी ती वापरून पाहिली होती.

तळाला एवढे महत्त्व का, हे शिंपल्याच्या आयुष्यक्रमावरून कळते. त्याची अळी माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून वाढते, पण तळावर उतरल्यानंतर तो फारसा हलत नाही आणि कित्येक जातींचे शिंपले दशकानुदशके जगतात. पुरात सरकणारी वाळू त्याला गाडून टाकते किंवा वाहून नेते. म्हणून त्याला स्थिर तळच हवा. उत्तर अमेरिकेत गोड्या पाण्यातील शिंपल्यांच्या सुमारे ३०० जाती आहेत आणि त्यांतील बहुसंख्य संकटात आहेत. फ्लोरिडातील अपालाचिकोला नदीत आढळणारी ‘फॅट थ्रीरिज’ ही जात १९९८ पासून संकटग्रस्त म्हणून संरक्षित आहे. २००६-०७ च्या दुष्काळात पाणी उतरल्यावर तिचे अनेक शिंपले उघडे पडून मेले. अशा जातीची गणना केवळ काठालगतच्या उथळ पाण्यात करणे मला अपुरे वाटते. नकाशा हाती असला, तर पाणबुड्यांना तळाच्या प्रत्येक प्रकारात, खोल पाण्यातही, नमुन्याच्या जागा ठरवता येतात.

ही पाहणी नदी काठोकाठ भरून वाहत असताना केलेली बरी, कारण तेव्हा होडी सर्वत्र जाऊ शकते आणि दोन्ही काठ चित्रात येतात. मात्र पाण्याची प्रत किंवा अळीला आश्रय देणाऱ्या माशांची उपस्थिती सोनारला कळत नाही. त्यामुळे नकाशावर योग्य दिसणाऱ्या जागीही शिंपले नसू शकतात, आणि त्याची खातरजमा पाण्यात उतरून हातांनी तळ चाचपूनच करावी लागते.