साध्या घरगुती म्युझिक सिस्टिमसाठी ऑल-इन-वन स्ट्रीमिंग ॲम्प्लिफायर घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की हॉल दहा बाय बाराचा आहे, घरात सगळ्यांकडे अँड्रॉइड फोन आहेत, आईवडील नाट्यगीतं आणि शास्त्रीय ऐकतात, टीव्हीचा आवाजही त्याच स्पीकरमधून यायला हवा आणि सगळं मिळून सत्तर हजारांत बसवायचंय. दुकानदार साउंडबार घ्या म्हणतोय, मित्र म्हणतोय स्ट्रीमिंग ॲम्प्लिफायर आणि दोन स्पीकर घ्या.

मित्राचं ऐका. साउंडबार मुळात टीव्हीवरचे संवाद नीट कळावेत म्हणून बनवलेला असतो. त्याचे डावे-उजवे स्पीकर जेमतेम हातभर अंतरावर असतात. मैफलीत गायक मधोमध, तबला एका अंगाला, पेटी दुसऱ्या अंगाला अशी जी बैठक असते ती त्यातून उभी राहत नाही. एकमेकांपासून सहा-सात फुटांवर ठेवलेले दोन साधे बुकशेल्फ स्पीकर, म्हणजे छोट्या खोक्याएवढे स्पीकर, ती सहज उभी करतात. आईवडील गाणं बसून ऐकणारे आहेत ना, मग हा फरक त्यांना पहिल्याच दिवशी जाणवेल.

आता स्ट्रीमिंग ॲम्प्लिफायरच्या त्या डब्यात असतं काय, तर वाय-फायवरून गाणं घेणारा स्ट्रीमर, डिजिटल गाण्याचा विद्युत संकेत करणारा डॅक, आवाज कमी-जास्त करणारा आणि टीव्ही-सीडी यांतून निवड करणारा प्रीॲम्प, आणि स्पीकर हलवण्याची ताकद देणारा पॉवर ॲम्प्लिफायर. बाहेरून फक्त दोन स्पीकर जोडायचे. इंग्लंडच्या नेम कंपनीने २००९ मध्ये नेमयुनिटी आणला तेव्हा त्यात सीडी प्लेअरसुद्धा होता, पण ते प्रकरण आपल्या आवाक्यातलं नव्हतं. पुढे क्लास-डी जातीच्या ॲम्प्लिफायर चिप चांगल्या आणि स्वस्त झाल्या. त्या फारशा तापत नाहीत, त्यामुळे डबाही लहान झाला. २०२३ च्या अखेरीस वीम कंपनीचा वीम ॲम्प हा असाच डबा अमेरिकेत २९९ डॉलरला आला. दोन्ही बाजूंना ८ ओहमवर प्रत्येकी ६० वॉट, आणि वर मी सांगितलेलं सगळं आत. तुमच्यासारख्या घरांसाठी हा पर्याय खरा तेव्हापासून खुला झाला.

खरेदीआधी एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. या डब्यात दोन वेगवेगळ्या आयुष्याच्या वस्तू एकत्र बसवलेल्या असतात. ॲम्प्लिफायर वीस वर्षं सहज चालतो. स्ट्रीमिंगचा भाग कंपनीच्या सर्व्हरवर, ॲपवर आणि अपडेटवर जगतो, आणि त्याचं आयुष्य तुमच्या हातात नसतं.

हे मी उगाच घाबरवायला म्हणत नाही. स्क्वीझबॉक्स नावाचे नेटवर्क प्लेअर एके काळी जगभर लोकांचे लाडके होते. लॉजिटेकने २००६ मध्ये ते बनवणारी कंपनी विकत घेतली, २०१२ मध्ये ते बनवणं थांबवलं आणि २०२४ मध्ये त्यांची ऑनलाइन सेवाही बंद केली. तरी ते प्लेअर आजही चालतात, कारण त्यांचं सर्व्हर सॉफ्टवेअर खुलं होतं आणि चाहत्यांनी ते लिरियन या नावाने सांभाळलंय. साध्या स्पीकरला वाय-फायवरून गाणं पोचवणाऱ्या गूगलच्या क्रोमकास्ट ऑडिओचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं. मार्च २०२५ मध्ये जगभरची ही यंत्रं अचानक अडून बसली. हार्डवेअर ठणठणीत होतं, आतल्या एका सुरक्षा-प्रमाणपत्राची मुदत तेवढी संपली होती. गूगलने काही दिवसांत दुरुस्ती पाठवली म्हणून निभावलं. वाय-फाय स्पीकर बनवणाऱ्या सोनोसने मे २०२४ मध्ये नवं ॲप आणलं, त्यात आधीच्या कितीतरी सोयी गायब होत्या आणि गिऱ्हाईक इतकं भडकलं की पुढच्या जानेवारीत कंपनीचे प्रमुख पायउतार झाले. माझ्या मामांकडे एका कंपनीचा इंटरनेट रेडिओवाला डबा आहे. त्याची रेडिओ सेवा बंद पडून बराच काळ झाला. पण मागे ऑक्झिलरीचं सॉकेट असल्यामुळे मामा त्याला टीव्ही आणि फोन जोडून रोज सकाळी अभंग ऐकतात. डबा भंगारात गेला नाही, तो त्या एका सॉकेटमुळे.

म्हणून दुकानात गेलात की डबा आधी उलटा फिरवून बघा. पुढची काच आणि दिवे कितीही सुंदर असोत, निर्णय मागच्या बाजूवर घ्यायचा. लाल-पांढरं आरसीए लाइन-इन, म्हणजे बाहेरचं यंत्र जोडायचं सॉकेट, असलंच पाहिजे. उद्या स्ट्रीमर मेला तर नवा छोटा स्ट्रीमर तिथे लावून उरलेली वर्षं काढता येतात. त्याशेजारी टीव्हीचा आवाज प्रकाशाच्या तारेने घेणारं, चौकोनी झडपेचं ऑप्टिकल सॉकेट हवं. एचडीएमआयवर एआरसी ही अक्षरं छापलेली हवीत, म्हणजे टीव्हीचा आवाज त्याच केबलने डब्यात येतो आणि टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमी-जास्त होतो. इथरनेटचं सॉकेट असेल तर उत्तम, कारण आरसीसीच्या दोन भिंतींपलीकडे राउटर असला की वाय-फाय ऐन समेवर दगा देतं. सबवूफरसाठी, म्हणजे फक्त खर्जाच्या वेगळ्या स्पीकरसाठी, सब-आउट असलं तर बरं, नसलं तरी तुमचं अडणार नाही. जुन्या एलपी असतील तर फोनो इनपुट शोधा. या लहान डब्यांत ते बहुधा नसतं, मग फोनो प्रीॲम्प वेगळा घ्यावा लागतो. यामाहाच्या आर-एन ८०३ सारख्या मोठ्या रिसीव्हरमध्ये ते असतं, पण तो शोकेसचा अख्खा कप्पा खातो.

वॉटचं फार मनावर घेऊ नका. खोक्यावर पीएमपीओ म्हणून क्षणिक ताकदीचा हजारोंचा फुगवलेला आकडा छापलेला असेल तर तो डबा तिथेच ठेवा. ८७ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर एका वॉटवर एक मीटरवर ८७ डेसिबल आवाज देतो. तुम्ही आठ फुटांवर बसलात तरी दोन स्पीकर मिळून ऐशीच्या आसपास पोचतात, म्हणजे घरात पुरेसा मोठा आवाज. ताकद दुप्पट केली की तीन डेसिबल वाढतात. तबल्याच्या थापेचा क्षणिक उसळता आवाज धरला तरी वीस-तीस वॉटमध्ये तुमची खोली भरते. साठ वॉट तर तुम्हाला पुरून उरतील. डॅकच्या चिपवरून वाद घालणारे पुष्कळ भेटतील, त्यांच्या नादी लागून एक रुपयाही जास्त देऊ नका.

तो रुपया स्पीकरवर घाला. माझं ठाम मत आहे की सत्तर हजारांतले निम्म्याहून जास्त पैसे स्पीकरसाठी ठेवावेत. व्हॉर्फडेल डायमंड १२.१, क्यू अकूस्टिक्स ३०२०आय, एलॅक डेब्यू बी५.२ ही या गटातली भरवशाची नावं. तिन्ही लहान आहेत आणि ६० वॉटच्या डब्यावर आरामात चालतात. ऐकायला जाताना तुमच्या ओळखीचं गाणं घेऊन जा, दुकानदाराचं नको. तानपुऱ्याने सुरू होणारी एखादी विलंबित बंदिश घ्या. तानपुऱ्याची जवारी म्हणजे वरच्या स्वरांची बारीक गुंफण असते. चांगला स्पीकर ती मोकळी करून दाखवतो, वाईट स्पीकर नुसती भुणभुण ऐकवतो. गायकाचा आवाज छातीतून येतोय की नाकातून, हेही तिथेच कळतं.

मग खोली. इथे एक पैसा न खर्चता सर्वांत जास्त फरक पडतो आणि नेमकं हेच कुणी करत नाही. दहा फुटांच्या अंतरात ५६ हर्ट्झच्या आसपास आणि बारा फुटांत ४७ च्या आसपास खोली स्वतःच घुमू लागते. स्पीकर कोपऱ्यात किंवा शोकेसच्या कप्प्यात कोंबला की ही घुम आणखी फुगते, डग्गा बोलायचा सोडून नुसता गुरगुरतो आणि कप्प्यातले काचेचे पेले थरथरतात. स्पीकर भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे आणा, कोपऱ्यापासून दूर ठेवा, त्यांच्यातलं अंतर आणि तुमच्यापर्यंतचं अंतर साधारण सारखं ठेवा. ट्वीटर, म्हणजे वरच्या स्वरांचा छोटा गोल भाग, कानाच्या उंचीला हवा. घरात खाली बैठक असेल तर स्पीकर थोडे पुढे झुकवा. व्हिट्रिफाइड टाइल्सवर आवाज खणखणतो, तेव्हा मधे जाड सतरंजी आणि खिडकीला जाड पडदा लावा. इतकं करूनही खालचे स्वर फुगत असतील तर फोनच्या माइकने खोली मोजून दुरुस्ती करणारी सोय वापरा. वीमच्या ॲपमध्ये ती आहे. पण ती साधारण ३०० हर्ट्झच्या खालीच लावा. फोनच्या माइकवर विसंबून वरचे स्वर बदलले की गळ्याचा पोत बिघडतो.

वायर महागडी नको. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची दुपदरी वायर तुमच्या अंतराला पुरते. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला मीटरवर कापून मिळते. लालला लाल आणि काळ्याला काळं जोडलंय ना, हे तपासायला जुनं, एकाच मायक्रोफोनवर ध्वनिमुद्रित झालेलं नाट्यगीत लावा. अशा मोनो गाण्यात गायकाचा आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मधोमध, जिथे काहीच ठेवलेलं नाही तिथून आला पाहिजे. तो सगळीकडे विस्कटल्यासारखा वाटला आणि खर्ज पातळ झाला, तर एका स्पीकरच्या तारा उलट्या लागल्या आहेत. डबा बंद करून त्या बदला. मधोमध उभा राहिलेला तो आवाज एकदा आईवडिलांना ऐकवाच.

आता फोन. तुमच्याकडे अँड्रॉइड आहेत, म्हणून डब्यात गूगल कास्ट, म्हणजे फोनवरून डब्यावर गाणं लावण्याची गूगलची सोय, हवीच. एअरप्ले ही तशीच सोय ॲपलवाल्यांची, तिच्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नका. कास्ट किंवा स्पॉटिफाय कनेक्टवर फोन फक्त रिमोटचं काम करतो, गाणं डबा स्वतः इंटरनेटवरून घेतो. फोन आला तरी ख्याल तुटत नाही, फोन घेऊन कुणी बाजारात गेलं तरी गाणं चालू राहतं. ब्लूटूथवर गाणं पुन्हा दाबून पाठवलं जातं आणि मधेच व्हॉट्सॲपचं टिंगटिंग स्पीकरवर येतं. पाहुण्यांपुरतं ते ठीक आहे. तुम्ही जे ॲप रोज वापरता त्यात कास्टचं चिन्ह दिसतं का, हे खरेदीआधी बघून घ्या. आणखी एक, गाणं संपून पुढचं लागताना मधे खंड पडतो का तेही दुकानात तपासा. मैफलीच्या ध्वनिमुद्रणात विलंबित आणि द्रुत दोन ट्रॅकमध्ये तोडलेले असतात. ऐन जोडावर अर्ध्या सेकंदाची शांतता आली की रंगाचा बेरंग होतो.

मॉडेलचं म्हणाल तर तुमच्या बजेटमध्ये वीम ॲम्प. कास्ट, एचडीएमआय एआरसी, ऑप्टिकल, लाइन-इन, इथरनेट, सब-आउट सगळं आहे. घेताना भारतातली वॉरंटी आणि पक्कं बिल मागा, कुणीतरी बॅगेतून आणलेला स्वस्त नग नको. सोनोस ॲम्प १२५ वॉटचा आणि बांधणीला भक्कम, पण त्यात ब्लूटूथही नाही आणि गूगल कास्टही नाही, बराचसा कारभार त्यांच्या ॲपवर. ब्लूसाउंड पॉवरनोडचा आवाज मला फार आवडतो. पण टायडल आणि कोबझ या ऑनलाइन गाण्यांच्या सेवांसाठी लोक तो घेतात आणि त्या भारतात अधिकृतपणे मिळत नाहीत. आपल्याकडे त्याचे पैसे पुरते वसूल होत नाहीत.

राहिला प्रश्न आईवडिलांचा. त्यांना ॲप उघडायला लावू नका. प्रीसेटची बटणं असलेला रिमोट येतो की नाही ते बघा आणि पहिल्याच दिवशी ती बटणं भरून द्या. एकावर आकाशवाणीची रागम वाहिनी ठेवा. ती २०१६ च्या प्रजासत्ताक दिनी सुरू झाली आणि दिवसभर शास्त्रीय संगीतच लावते. दुसऱ्यावर विविध भारती, तिसऱ्यावर तुम्ही जमवलेली नाट्यगीतांची यादी. वीज गेली-आली की डबा राउटरच्या आधी जागा होतो आणि नेटवर्क सापडत नाही म्हणून रुसून बसतो, तेव्हा राउटर इन्व्हर्टरवर टाका. टीव्ही जोडल्यावर आवाज आलाच नाही तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल ऑडिओ आउटपुटसाठी पीसीएम (साधा, न दाबलेला डिजिटल आवाज) हा पर्याय निवडा. टीव्ही जुना असून त्याला एआरसी नसेल तर ऑप्टिकल केबलने जोडा. तेव्हा टीव्हीच्या रिमोटने आवाज हलणार नाही, डब्याचा रिमोट टीव्हीच्या रिमोटशेजारीच ठेवावा लागेल.