बायोसेन्सरच्या चिपवर प्रतिजन (शोधायचा रेणू) नसतानाही चुंबकीय मणी चिकटून राहतात. धुताना अधिक शक्तिशाली चुंबक वापरावा का?

चुंबक बदलून तुमचे काम होणार नाही. अमिनोसिलेन (काचेवर अमिनो गट बसवणारे रसायन) लावलेल्या काचेवर तुम्ही ग्लुटाराल्डिहाइड या जोडणाऱ्या रसायनाने प्रतिपिंडे (प्रतिजन पकडणारी प्रथिने) जोडली आहेत आणि प्रतिजन मुळीच नसलेल्या नमुन्यातही स्ट्रेप्टॅव्हिडिन या प्रथिनाचा थर असलेले चुंबकीय मणी चिपवरून हलत नाहीत, असे तुम्ही लिहिले आहे. पीएच.डी.च्या काळात नेमक्या याच मुद्द्यावर माझे आणि मार्गदर्शकांचे बिनसले होते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आमची चिप मायक्रोस्कोपखाली धरली की प्रतिपिंडांचे ठिपके कुठे संपतात आणि मोकळी काच कुठे सुरू होते हे सांगता येत नसे, दोन्हीकडे २.८ मायक्रॉनचे तपकिरी मणी सारखेच दाट बसलेले असत. चुंबकाची ओढ कमी पडते, असे सरांचे ठाम मत होते आणि त्यांनी मोठा निओडिमियम चुंबक मागवला. तो वर धरल्यावर मणी उठले खरे, पण उठले ते ठिपक्यांवरून. मोकळ्या काचेवरचे जागचे हलले नाहीत. यावर सरांनी प्रतिपिंडेच निकृष्ट ठरवली आणि नवी कुपी मागवली.

वास्तविक उत्तर समोर होते. प्रतिजन-प्रतिपिंड बंध, किती झपाट्याने ओढता त्यानुसार, काही दहा ते शे-दोनशे पिकोन्यूटन बलाने तुटतो, तर सहसंयुज (थेट रासायनिक) बंध तोडायला नॅनोन्यूटनच्या, म्हणजे हजार पिकोन्यूटनच्या, घरातले बल लागते. मोकळ्या काचेवर शिल्लक राहिलेले ग्लुटाराल्डिहाइडचे अल्डिहाइड गट मण्यावरच्या स्ट्रेप्टॅव्हिडिनमधील लायसिन या अमिनो आम्लाला थेट सहसंयुज बंधाने पकडतात. म्हणजे चुंबक जितका जोरदार, तितके खरे बंध आधी तुटणार आणि खोटे टिकून राहणार. मी एक चिप प्रतिपिंडे जोडून झाल्यावर उरलेले अल्डिहाइड गट निकामी करायला ग्लायसिनच्या द्रावणात ठेवली, मग बीएसए या गाईच्या रक्तातील प्रथिनाचा थर दिला आणि ०.०५ टक्के ट्वीन-२० (साबणासारखे सौम्य द्रव्य) घातलेल्या बफरने धुतली. मोकळी काच स्वच्छ झाली आणि ठिपके गच्च भरलेले राहिले. गटाच्या बैठकीत याचे श्रेय नव्या चुंबकाला देण्यात आले. त्या दिवशी तो चुंबक कपाटात होता!

तुम्ही आधी प्रतिपिंडाविना तयार केलेल्या चिपवर मणी सोडा आणि ०.५ मोलर मिठाच्या द्रावणाने धुऊन पाहा. मणी सुटले तर दोष विद्युतभाराचा आहे, कारण अमिनोसिलेनचा पृष्ठभाग धनभारित असतो आणि हे मणी बहुधा ऋणभारित. सुटले नाहीत तर अल्डिहाइडचा संशय धरावा. प्रतिपिंडे जोडताना ट्रिस बफर कटाक्षाने टाळावा. त्यातला अमिनो गटच अल्डिहाइड खाऊन टाकतो. ‘प्रतिपिंड जास्त घाला, संकेत आपोआप वाढेल’ हा सल्ला कोणीही दिला तरी मोकळ्या काचेचे छायाचित्र मागितल्याशिवाय मानू नये.

सोन्यावर थायॉलचा (गंधकयुक्त रेणूंचा) थर असेल तर रसायन वेगळे, तिथे माझे सगळे म्हणणे जसेच्या तसे लागू होत नाही. शिवाय चुंबकाची ओढ सर्वत्र निरुपयोगी असते असेही नाही: अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेने १९९८ साली मांडलेल्या चुंबकीय बायोसेन्सरमध्ये नको असलेले मणी चुंबकीय बलानेच उपटून काढण्याची कल्पना होती. सर याच कामाचा दाखला देत. पण ती युक्ती दुबळेपणाने चिकटलेल्या मण्यांसाठी होती आणि आमचे मणी दुबळेपणाने चिकटलेले नव्हतेच.