मुलांना लायब्ररीत नेऊन खरंच काही उपयोग होतो का?

तुम्ही ऐरोलीच्या कॉलेजात नुकत्याच सहायक प्राध्यापक म्हणून लागला आहात, विभागप्रमुखांनी 'मुलांना एकदा लायब्ररीत नेऊन आणा' असं सांगितलंय. त्याचा उपयोग होतो का आणि तुमच्या पीएचडीला लायब्ररीची काय मदत होईल, असं तुम्ही विचारलंय.

मी ठाण्यातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे, तरी सांगते: नुसतं नेऊन आणायचं असेल तर राहू द्या. जुलैत एफवायची शंभर-सव्वाशे मुलं येतात, मी कपाटं दाखवते, ओपॅकवर, म्हणजे लायब्ररीच्या ऑनलाइन यादीत, पुस्तक कसं शोधायचं ते सांगते, कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या फाइलसाठी फोटो निघतो आणि मुलं कँटीनला पळतात. तहान लागल्यावर विहीर खणू नये म्हणतात, पण इथे तहानच लागलेली नसते.

त्यापेक्षा असाइनमेंट वर्गात देण्याआधी तो कागद घेऊन ग्रंथपालांकडे जा.

आमच्याकडे पर्यावरण शिकवणाऱ्या एका मॅडमनी 'ठाण्यातील तलाव' असा प्रोजेक्ट दिला होता. जवळजवळ प्रत्येक वहीत 'तलावांचे शहर' या शब्दांनी सुरू होणारा एकच परिच्छेद. काहींच्या संदर्भसूचीत चॅटजीपीटीने दिलेले लेख होते, दिसायला अगदी रुबाबदार. एकाचा डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक, मी टाकून पाहिला, तर भलत्याच विषयाचा लेख उघडला. मुलांना दोष देण्यात अर्थ नव्हता, कारण प्रश्नच असा होता की शोधायची गरज पडू नये.

पुढच्या वर्षी आम्ही दोघींनी तो कागद बदलला. एकेका गटाला एकच तलाव: मासुंदा, कचराळी, उपवन वगैरे. प्रत्येकाबद्दल तीन गोष्टी आणायच्या: गॅझेटियरमध्ये, म्हणजे जिल्ह्याच्या जुन्या सरकारी माहितीग्रंथात, काही सापडतं का, महापालिकेचा पर्यावरण अहवाल काय म्हणतो आणि शोधगंगेवर, म्हणजे भारतातल्या पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, त्या विषयाच्या जवळ जाणारा एखादा प्रबंध. मग कॉम्प्युटर लॅबमध्ये मी 40 मिनिटं घेतली, तीही प्रोजेक्ट हातात पडल्यावर.

1882 च्या बॉम्बे गॅझेटियरचे ठाणे जिल्ह्याचे खंड नेटवर आहेत. मुलांनी 'ठाणे लेक' टाकलं, काहीच नाही. तेव्हाच्या इंग्रजीत ठाण्याच्या स्पेलिंगच्या शेवटी 'ई' नसून 'ए' असायचा आणि तलावाला साहेब लोक बहुतेकदा 'टँक' म्हणायचे. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, टँक म्हणजे गच्चीवरची टाकी ना?" सगळे हसले, पण शब्द बदलल्यावर पानं उघडायला लागली. आपण ज्या शब्दाने शोधतो तो शब्द लिहिणाऱ्याने वापरलेला नसू शकतो, हे मी ओरिएंटेशनमध्ये दहा वर्षं सांगत होते. कुणाला पटलं असेल असं वाटत नाही.

आता तुमच्या पीएचडीचं. विषय नक्की करण्याआधी शोधगंगेवर एक दुपार घालवा, नाहीतर सिनॉप्सिसच्या, म्हणजे संशोधनाचा आराखडा मांडायच्या, दिवशी कळतं की हे काम आधीच झालंय. कॉलेज एन-लिस्टचं, म्हणजे कॉलेजांना ई-जर्नल्स आणि ई-पुस्तकं देणाऱ्या योजनेचं, सदस्य असेल तर तुमच्या नावाचं लॉगिन मागून घ्या, ते घरूनही चालतं. देशभरासाठी एकत्र जर्नल्स घेणारी सरकारी योजना, वन नेशन वन सबस्क्रिप्शन, 2025 च्या जानेवारीपासून सुरू झाली आहे, 30 प्रकाशक आणि सुमारे 13,000 जर्नल्स. पण ती सरकारी संस्थांसाठी आहे, तेव्हा आपलं कॉलेज त्यात बसतं का ते विचारा. मराठीतलं जुनं काही लागलं तर ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय विसरू नका, 1893 पासूनचं आहे.

जर्नल निवडताना मात्र सांभाळा. यूजीसीने मान्य जर्नल्सची केअर यादी 2025 मध्ये बंद केली, त्यामुळे 'यादीत आहे ना, मग झालं' हा आधार गेला. 'तीन दिवसांत प्रकाशन' असा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आला की पैसे भरण्याआधी ग्रंथपालांना दाखवा. संपादक मंडळावरची माणसं खरी आहेत का, जुने अंक उघडतात का, हे आम्ही दहा मिनिटांत बघून देतो. साम्य तपासणीच्या, म्हणजे मजकूर कुठून उचललाय का ते बघणाऱ्या, रिपोर्टचंही तेच. यूजीसीच्या 2018 च्या नियमात 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही आणि संदर्भ देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची वगैरे वगळायची असतात. ती न वगळता काढलेला आकडा बघून रडकुंडीला आलेले प्राध्यापक मी काउंटरवर पाहिलेत.

आणि हो, जाताना असाइनमेंटचा कागद कच्चाच न्या, पेन्सिलीने खरडलेला चालेल. टाइप होऊन, विभागप्रमुखांची सही होऊन आला की आमच्या हातात कपाटं दाखवणंच उरतं.