मायक्रोबायोममध्ये संशोधन करायचे, तर सुरुवात सूक्ष्मजीवशास्त्रापासून

महोदय,
स. न. वि. वि.

आपले सविस्तर पत्र मिळाले. आपली कन्या ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा दुसऱ्यांदा देऊनही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या गुणांपर्यंत पोहोचली नाही, तिसऱ्यांदा परीक्षेला बसण्याची तिची तयारी नाही, आणि आतड्यातील जिवाणूंमुळे लस कमी-अधिक लागू पडते असे काही वाचल्यापासून याच विषयात संशोधन करायचे तिने मनावर घेतले आहे, असे आपण लिहिता. हा विषय टिकणारा आहे की चार दिवसांची हवा, त्यासाठी बीएएमएसची मिळू शकणारी जागा सोडावी का, आणि एका खासगी संस्थेची अडीच लाख रुपये शुल्काची ‘मायक्रोबायोम’ (म्हणजे शरीरात वसणारा सूक्ष्मजीवांचा समूह) या विषयाची पदविका घ्यावी का, असे आपले तीन प्रश्न आहेत. पहिल्या प्रश्नावर अधिक विस्ताराने लिहीत आहे, कारण उरलेल्या दोहोंची उत्तरे बरीचशी त्यातूनच मिळतात.

विषय खरा आहे. मात्र त्यातील निष्कर्ष अजून पक्के झालेले नाहीत. लहान मुलांना तीव्र जुलाब घडवणाऱ्या रोटाव्हायरसवरील तोंडावाटे द्यायच्या लसीचे उदाहरण घेऊ. श्रीमंत देशांमध्ये या प्रकारच्या लसी गंभीर आजारापासून 85 टक्क्यांहून अधिक संरक्षण देतात, तर आशिया आणि आफ्रिकेतील गरीब वस्त्यांमध्ये हे प्रमाण पन्नास-साठ टक्क्यांच्या आसपास राहते. भारतात तयार झालेली रोटाव्हॅक ही लस दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. महाराज किशन भान आणि त्यांच्या सहकाऱ्यांना 1980च्या दशकात नवजात बालकांमध्ये सापडलेल्या विषाणूपासून पुढे विकसित झाली. दिल्ली, पुणे आणि वेल्लोर येथे साडेसहा हजारांहून अधिक बालकांवर तिची मोठी चाचणी झाली आणि 2014 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा गंभीर आजारापासूनचे संरक्षण सुमारे 55 टक्के भरले. ज्या देशात हा आजार घरोघरी आहे तिथे एवढ्या संरक्षणानेही असंख्य मुले रुग्णालयात जाण्यापासून वाचतात, म्हणूनच 2016पासून ती राष्ट्रीय लसीकरणात आली आणि ते योग्यच झाले. पण उरलेले 45 टक्के कुठे गळतात, हा प्रश्न तसाच राहिला.

आपल्या मुलीला खुणावणारा प्रश्न नेमका हाच आहे. घानामधील बालकांवरील एका अभ्यासात, जो 2017 साली प्रसिद्ध झाला, असे दिसले की ज्यांना लस लागू पडली त्यांच्या आतड्यातील जिवाणूंची घडण नेदरलँड्समधील निरोगी बालकांशी अधिक जुळणारी होती. यावरून अनेकांना वाटले की जिवाणू बदलले की लस सुधारेल. प्रत्यक्षात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील संशोधकांनी बालकांना पोलिओची तोंडावाटे लस देण्याआधी अझिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक देऊन पाहिले. आतड्यातील रोगकारक जिवाणू घटले, पण लसीला मिळणारा प्रतिसाद वाढला नाही. रोटाव्हायरसच्या लसीबरोबर झिंक आणि प्रोबायोटिक (उपयुक्त जिवाणू असलेले पूरक) देऊनही अपेक्षेइतका फरक पडला नाही. पुढे 2021 साली भारत, मलावी आणि ब्रिटनमधील बालकांची तुलना प्रसिद्ध झाली, तीत सूक्ष्मजीवांइतकाच आणखी एक घटक समोर आला: भारत आणि मलावीमध्ये आईकडून बाळाला मिळालेली प्रतिपिंडे (रोगजंतूंशी लढणारी प्रथिने) जितकी जास्त, तितका लसीला प्रतिसाद कमी. म्हणजे जे संरक्षण निसर्गाने बाळाला जन्माबरोबर दिले, तेच काही प्रमाणात लसीच्या आड येते. कुपोषण, वारंवार होणारे जंतुसंसर्ग आणि आतड्याच्या अस्तराची सततची सूज हे घटक या सगळ्यात गुंतलेले आहेतच, आणि त्यांचा गुंता एकेक धागा ओढून सुटत नाही.

मोठ्या माणसांच्या बाबतीतही चित्र असेच आहे. अमेरिकेत 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी व्यक्तींना इन्फ्लुएन्झाच्या लसीपूर्वी काही दिवस प्रतिजैविके देण्यात आली. ज्यांच्या शरीरात त्या विषाणूविरुद्धची जुनी प्रतिकारशक्ती पुरेशी होती त्यांच्यात फारसा फरक दिसला नाही. ज्यांच्यात ती कमी होती, त्यांच्यात लसीनंतर प्रतिपिंडे मात्र कमी तयार झाली. तिने वाचलेला मजकूर बहुधा याच किंवा अशाच प्रयोगाबद्दलचा असावा. त्यातील पहिला अर्धा भाग लोकप्रिय लेखांतून सहसा गळतो, आणि औषधाच्या दुकानात प्रोबायोटिकचे पाकीट विकणाऱ्यांना तो गळलेलाच सोयीचा असतो. शेजारच्या कोणी लसीआधी मुलांना अशी पाकिटे देण्याचा सल्ला दिला, तर तूर्त त्याला आधार नाही, हेही जाता जाता सांगतो.

आता हे सारे करिअरच्या संदर्भात का सांगितले? वरील प्रत्येक प्रयोगामागे कोणती माणसे लागली, याचा विचार करा. बालकांच्या विष्ठेचे आणि रक्ताचे नमुने वेळेवर गोळा करून थंड ठेवणारे क्षेत्र-कर्मचारी, प्रतिपिंडे मोजणारे प्रतिकारशास्त्रज्ञ, जिवाणूंचा जनुकक्रम वाचणारे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, आणि त्या प्रचंड माहितीतून योगायोग कोणता व कारण कोणते हे वेगळे काढणारे संख्याशास्त्रज्ञ. यांपैकी कोणाचीही मूळ पदवी ‘मायक्रोबायोम’ या नावाची नव्हती. उद्या या विषयावरील उत्साह ओसरला तरी सूक्ष्मजीवशास्त्र, प्रतिकारशास्त्र आणि संख्याशास्त्र जाणणाऱ्यांचे काम थांबणार नाही. म्हणून माझे स्पष्ट मत असे की तिने जवळच्या चांगल्या महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. करावे, जीवतंत्रज्ञानापेक्षा मी सूक्ष्मजीवशास्त्राला झुकते माप देतो, कारण पदवीच्या पातळीवर त्यात प्रयोगशाळेत हात चांगला बसतो. प्रवेश घेण्यापूर्वी प्रयोगशाळा आठवड्यात किती तास चालते आणि विद्यार्थी स्वतः प्रयोग करतात की केवळ पाहतात, हे शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाच विचारा.

नीटच्या तयारीत तिचे गणित बाजूला पडले असेल, तर तिकडे सर्वांत आधी लक्ष द्यावे लागेल. पहिल्या वर्षापासून संख्याशास्त्राचा विषय घ्यावा, आणि आर किंवा पायथॉन यांपैकी एक संगणकभाषा शिकावी; त्यासाठी विनामूल्य साहित्य भरपूर उपलब्ध आहे. जीवशास्त्राकडे वळणारी अनेक मुले आकड्यांना घाबरूनच इकडे येतात, आणि या विषयात नेमकी तीच भीती आडवी येते.

पदव्युत्तर शिक्षणासाठी तिला फार दूर जावे लागणार नाही. पुण्याची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था 1952 पासून काम करत आहे. 2020 साली कोव्हॅक्सिनसाठी वापरलेला विषाणू तिथेच वेगळा करण्यात आला. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असा विषाणूशास्त्राचा एम.एस्सी. अभ्यासक्रम या संस्थेत चालतो. पुण्यातीलच राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात मानवी आतड्यातील सूक्ष्मजीवांवर दीर्घकाळ काम झाले आहे. याखेरीज गॅट-बी, जॅम किंवा सीयूईटी-पीजी या प्रवेश परीक्षांद्वारे देशातील इतर विद्यापीठांची आणि आयआयटींची दारे उघडतात. नियम दरवर्षी बदलतात, तेव्हा त्या-त्या वर्षीची माहितीपत्रिकाच प्रमाण मानावी. दुसऱ्या वर्षापासून तिने देशातील तीन विज्ञान अकादमींच्या उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीसाठी अर्ज करावा. खऱ्या प्रयोगशाळेत दोन महिने राहिल्यावर, हे आयुष्यभर करायचे की नाही, याचे उत्तर तिचे तिलाच मिळेल.

वेळेचा हिशेब मात्र आपण सर्वांनी एकत्र बसून करावा. बी.एस्सी. तीन वर्षे, एम.एस्सी. दोन, आणि पीएच.डी. पाच किंवा अधिक. स्वतंत्र संशोधक होण्यासाठी त्यापुढे आणखी काही वर्षे लागतात. नेट किंवा तत्सम परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाल्यास 2023 पासून दरमहा 37,000 रुपये आणि नियमानुसार घरभाडे मिळते, त्यामुळे पीएच.डी.चा भार आपल्यावर पडू नये. परंतु ही शिष्यवृत्ती मिळणे सोपे नाही आणि ती कधीकधी उशिराने हातात पडते. मधल्या कोणत्याही टप्प्यावर थांबावे लागले तरी ती रिकाम्या हाताने थांबणार नाही. पुणे परिसरात लस आणि औषध उत्पादन मोठ्या प्रमाणावर चालते. तिथे गुणवत्ता नियंत्रणात सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदवीधरांना काम मिळते. सुरुवातीचा पगार बेताचा असतो आणि पाळ्यांमध्ये काम करावे लागते, हेही माहीत असू द्या. वैद्यकीय चाचण्यांच्या समन्वयाचे काम हा आणखी एक मार्ग आहे. रोटाव्हॅकच्या चाचणीत पुण्याची बाजू केईएम रुग्णालय संशोधन केंद्राने सांभाळली, आणि अशा चाचण्यांमध्ये गावागावांतील मातांशी मराठीत नीट बोलून संमती घेऊ शकणारी, नोंदी अचूक ठेवणारी मुलगी फार मोलाची ठरते.

बीएएमएसबद्दल थोडक्यात. रुग्ण तपासावेत, स्वतःचा दवाखाना असावा अशी तिची इच्छा असेल, तर ती जागा जरूर घ्यावी. तो सन्मानाचा आणि तुलनेने लवकर स्थिरावणारा व्यवसाय आहे. पण नीट हुकली म्हणून डॉक्टर या शब्दाजवळ राहण्यापुरती ती जागा घेऊ नये. हा प्रश्न आपण तिला एकटीला विचारा; पाहुण्यांसमोर विचारू नका.

पदविकेचे पैसे भरू नका. ज्या शाखेत जाणते संशोधकच अजून एकमेकांचे निष्कर्ष तपासत आहेत, तिथे बारावीनंतर एका वर्षात तज्ज्ञ करून नोकरी देण्याचे आश्वासन कशाच्या आधारावर दिले जाते, हे त्या संस्थेला लेखी विचारा. शिकवणारे कोण, त्यांचे स्वतःचे संशोधन कोणते आणि विद्यापीठाची मान्यता आहे का, तेही विचारा. उत्तरे समाधानकारक वाटली, तरी ती पदविका पदवीनंतरची बाब आहे. ते अडीच लाख रुपये मुलीच्या नावे ठेवा; एम.एस्सी.साठी पुण्यात वसतिगृह, खानावळ आणि एक बऱ्यापैकी लॅपटॉप यांवर ते खर्च होतील.

आपला,
करिअर मार्गदर्शक