आनंदीबाई डॉक्टर झाल्या, पण दवाखाना?

प्रश्न : माझी नात इथंच मेडिकलला शिकते. ती म्हणते, आनंदीबाई जोशींनी परत आल्यावर दवाखाना चालवलाच नाही, मग एवढं कौतुक कशाला? काय सांगू तिला? – एक आजी, धंतोली, नागपूर

उत्तर : आजी, दवाखाना राहिला हे खरं. १८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियात एम.डी. झाल्या, कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर नेमणूकही झाली. पण क्षयानं गाठलं आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्या गेल्या. वय २१! मात्र त्या अमेरिकेला शिकायला गेल्या कशासाठी, ते नातीला सांगा. चौदाव्या वर्षी बाळंतपण, आणि मूल दहा दिवसांत दगावलेलं. पदवीचा प्रबंधही त्यांनी प्रसूतिशास्त्रावरच लिहिला. मी नागपूरच्या महाल भागात बाळंतपणं केली. पुरुष डॉक्टर नको म्हणून घरीच कळा सोसत राहिलेल्या, पार थकल्यावर रिक्षातून आणलेल्या बायका मी पाहिल्यात. त्या विषयाचं मोल मला म्हणूनच कळतं.

आणि नातीला रखमाबाईंबद्दलही वाचू द्या. लंडनला शिकून १८९४ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. सुरत, राजकोटला वर्षानुवर्षं बायकांवर उपचार केले. त्याआधी, १८८७ मध्ये, कोर्टानं नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद, असं फर्मावलं, तेव्हा कैद पत्करीन म्हणाल्या होत्या.