खरी पिकअप कोणती, आणि मग आमची काय टेम्पो का?

प्रश्न : नमस्कार. मी मूळचा सोलापूरचा, 11 वर्षं झाली डॅलसजवळ राहतोय. मागच्या वर्षी फोर्ड मॅव्हरिक हायब्रिड घेतली. घराचं काम चालू होतं, माती, प्लाय, रोपं असलं सगळं आणायला बरी पडते, आणि मायलेज पण चांगलं. पण शेजारचे गृहस्थ, ज्यांच्याकडे फोर्डचीच भली मोठी एफ-150 पिकअप आहे, ते दर वेळी हसून म्हणतात नाइस कार. ट्रक म्हणतच नाहीत. ऑफिसमधे पण तेच, म्हणे ही युनिबॉडी आहे, खऱ्या ट्रकला फ्रेम असते. आता माझा नववीतला मुलगा पण म्हणायला लागलाय की बाबा ही ट्रक नाहीये. तर खरी पिकअप म्हणजे नक्की काय?

उत्तर : मुलगा फिरला म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलंय.

आधी फ्रेमचं बघू, कारण त्यात तथ्य आहे. आपल्याकडच्या ट्रकखाली वाकून बघितलंत तर दोन लांब लोखंडी गर्डर दिसतात आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, म्हणजे आडवी ठेवलेली शिडीच. हीच चासी. इंजिन, केबिन, हौदा सगळं तिच्यावर बोल्टनं बसवलेलं, त्यामुळं खड्ड्यात एक चाक गेलं की चासी थोडी पिळवटते पण केबिन आणि हौद्यामधे फट असते म्हणून दोघं आपापले हलतात, काही चिरत नाही. उद्या हौदा काढून तिथं पाण्याची टाकी बसवा, टिपर बसवा, चालतं. युनिबॉडीत मात्र पत्र्याचा सांगाडा हीच चासी, आपल्या स्विफ्टसारखं. वजन कमी, आराम जास्त, पण रोज जड ट्रेलर ओढायचा असेल तर शिडीवाली बरी, यात वाद नाही.

पण म्हणून शिडी म्हणजेच पिकअप असं म्हणायला गेलं की गंमत सुरू होते. शेव्हरलेची एल कॅमिनो आठवा, 1959 ला आलेली, पुढून लांबलचक कार आणि मागं हौदा. तिच्याखाली वेगळी फ्रेम होती. तरी ट्रकवाले तिला ट्रक म्हणत नाहीत, म्हणतात ती कार, कारण तिचा हौदा केबिनला जोडलेला. बरं, मग हौदा सुटा पाहिजे हा नियम धरू. तर 1961 ला खुद्द फोर्डनं एफ-100 ची अशी एक आवृत्ती काढली होती की केबिन आणि हौदा एकसंध, मधे फटच नाही. खाली फ्रेम होतीच. ती पिळवटली की वरचं पण पिळवटायचं, आणि माल जास्त भरला की दरवाजे अडकायचे असं सांगतात. दोन-तीन वर्षांत फोर्डनं तो नाद सोडला. पण तुमच्या शेजाऱ्यांना विचारा, 1961 ची एफ-100 ट्रक नव्हती का? म्हणतील म्हणजे काय, होतीच! ह्याला आपल्याकडं रडीचा डाव म्हणतात, समोरचा जिंकायला लागला की नियम बदलायचा.

आणि मूळ बघायला गेलात तर फोर्डनं कारखान्यातूनच हौदा लावून विकलेली पहिली पिकअप 1925 ची, मॉडेल टी रनअबाउट विथ पिकअप बॉडी, किंमत 281 डॉलर. म्हणजे काय, तर मॉडेल टी ही कार, तिच्या मागच्या बाजूला साधारण साडेचार फुटी लोखंडी पेटी आणि उघडणारा फाळका. तुमच्या मॅव्हरिकचा हौदा पण साडेचार फुटीच आहे. शंभर वर्षं झाली तरी माप तेच, हे शेजाऱ्यांना जरूर सांगा, शक्यतो त्यांच्या बायकोसमोर.

ऑस्ट्रेलियात तर हा वाद वेगळ्याच वळणानं गेला. तिकडची गोष्ट अशी सांगतात की 1932 च्या सुमाराला व्हिक्टोरियातल्या एका शेतकऱ्याच्या बायकोनं फोर्डला पत्र लिहिलं, आम्हाला अशी गाडी द्या की रविवारी चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरं बाजारात नेता येतील. जीलाँगच्या कारखान्यात लू बँड्ट नावाच्या तरुण डिझायनरनं कारची केबिन आणि हौदा एकत्र केला, 1934 ला गाडी आली, तिला ते यूट म्हणतात. तिथं कुणी विचारत बसलं नाही की ही कार का ट्रक, नाव वेगळं दिलं आणि कामाला लागले. अमेरिकेत मात्र शब्द एकच राहिला आणि त्याच्यावर मालकी सांगणारे शंभर झाले.

मॅव्हरिकबद्दल एक खरं मात्र सांगतो. जाहिरातीत पेलोड, म्हणजे गाडी किती वजन वाहू शकते ते, 1500 पौंड आहे, म्हणजे 680 किलो. पण त्यात माणसं धरलेली असतात! ड्रायव्हरच्या दाराजवळ पिवळा-पांढरा स्टिकर असेल, माणसं आणि माल मिळून किती ते तिथं लिहिलेलं असतं, तुमच्याच गाडीचं. पाच जण बसलात, सरासरी 75 किलो धरलं, तर 375 तिथंच गेले, उरले तीनशेच. ओली माती भरताना हे डोक्यात ठेवा, ती दिसते त्यापेक्षा फार जड असते. आठ बाय चारचा प्लाय ठेवायचा असेल तर फाळका अर्धा उघडून चाकाच्या उंचवट्यावर आडवा टाकता येतो, कंपनीनं मुद्दाम तशी सोय ठेवलीये. होंडाच्या रिजलाइनमधे तर तोच प्लाय दोन चाकांच्या मधे खाली सपाट बसतो, जे टोयोटा टॅकोमासारख्या शिडीवाल्या गाडीत बसत नाही. आणि रिजलाइनला पण बिचारीला 2005 पासून हेच ऐकावं लागतंय.

माझी स्वतःची परीक्षा साधी आहे. हौद्यात शेणखत भरून आणता येतं का, आणि नंतर पाइप मारून धुता येतं का. आलं तर पिकअप. त्या शेजाऱ्यांच्या एफ-150 मधे शेवटचं शेणखत कधी भरलं होतं ते एकदा विचारून बघा, उत्तर मला कळवा.

प्रश्न : सर आमी नारायणगावजवळचे. टोमॅटो करतो, बोलेरो पिकप आहे, 1.7 टनवाली. माझ्या मेव्हण्यानं नुकतीच इसुझूची व्ही-क्रॉस घेतली, पांढऱ्या नंबरप्लेटवर. तो सगळ्या पावण्यांसमोर म्हणाला की ही पिकप आणि दाजींची ती टेम्पो. सर राग फार आला पण जावयानं सासुरवाडीत काय बोलायचं. तुम्ही सांगा.

उत्तर : दाजी, तुम्ही बोलला नाहीत हे बरं केलं, मी बोलतो.

पहिली गोष्ट, टेम्पो ही शिवी नाही. टेम्पो हे हँबुर्गच्या एका जर्मन कंपनीच्या गाड्यांचं नाव, तिच्याशी करार करून 1958 ला बजाज टेम्पो सुरू झाली, तीच आताची फोर्स मोटर्स. त्यांच्या तीनचाकी गाड्या गावोगाव इतक्या फिरल्या की आपण माल नेणाऱ्या प्रत्येक छोट्या गाडीला टेम्पो म्हणायला लागलो. म्हणजे मेव्हण्यानं न कळत तुमची गाडी इम्पोर्टेड ठरवली.

दुसरी, तुमच्या दोघांच्या गाड्या खालून बघाल तर सख्ख्या नाही तरी चुलत बहिणी आहेत. दोन्हींना शिडीची चासी, दोन्हींना मागं पाटे, म्हणजे एकावर एक लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग. फरक वरच्या भागात. व्ही-क्रॉस डबल कॅब, पाच सीटर, त्यामुळं हौद्याला उरतात पाच-एक फूट. तुमचा हौदा नऊ फुटी. अमेरिकेतला डॅलसचा शेजारी तुमच्या मेव्हण्याची गाडी बघून म्हणेल हां, ही ट्रक, फक्त जरा लहान. आणि तुमची बघून गप्प बसेल, कारण त्याच्या एफ-150 चा पेलोड बहुतेक मॉडेलमधे टनाच्या आत-बाहेरच असतो, तुमचा कागदावर 1700 किलो. वीस किलो टोमॅटोचा क्रेट रिकाम्या वजनासकट बावीस धरला तर 77 क्रेट झाले. (तुम्ही किती भरता ते मला माहितेय, ते इथं छापत नाही.)

ओव्हरलोडवरून आठवलं, आमच्या घरी पण एक जुनी पिकअप होती, कंपनी सांगत नाही, चूक आमचीच. माझ्या चुलत्यानं एकदा लासलगावला जाताना कांद्याच्या इतक्या पिशव्या टाकल्या की मागचा पाटा चांदवडच्या अलीकडं तुटला. रात्रभर रस्त्याकडेला. तेव्हापासून आमच्याकडं पिकअपची व्याख्या एकच, पाटे किती आहेत.

तर दाजी, मेव्हण्याला एवढंच सांगा की पुढच्या सीझनला एक दिवस गाड्या बदलून बघू. तू माझे क्रेट ने, मी तुझ्या गाडीतून बायको-पोरांना घेऊन महाबळेश्वरला जातो. त्याची गाडी वाईट नाही, बाहेर फिरायला आणि शेतात चिखलातून जायला फोर बाय फोर झकास आहे. फक्त 77 क्रेट जाणार नाहीत.

प्रश्न : छोटा हाथी पिकअप आहे का?

उत्तर : टाटा एस 2005 ला आली, दोन सिलिंडर, 702 सीसी. फ्रेम आहे, हौदा आहे, फाळका आहे. नाक, म्हणजे पुढं आलेलं बॉनेट, नाही म्हणून लोक पिकअप म्हणत नाहीत, बाकी काही कारण मला सापडत नाही. जपानमधे तर 660 सीसीच्या केई ट्रक असतात, नाक नाही, कागदावर 350 किलो, पण हौदा सहा फुटाच्या वर, बाजूचे तिन्ही फाळके उघडतात. आता 25 वर्षं जुन्या झालेल्या त्या गाड्या अमेरिकेत हौसेनं मागवतात आणि शेतावर वापरतात. साडेचार-पाच फुटी हौद्याच्या मोठ्या गाड्यांशेजारी त्या उभ्या राहिल्या की बघण्यासारखं दृश्य असतं.

प्रश्न : माझ्याकडं कारचं एलएमव्ही (हलक्या वाहनाचं) लायसन्स आहे. पिवळ्या नंबरप्लेटची (धंद्याची) पिकअप घेतली तर वेगळं लायसन्स लागेल का? आणि परमिट? – सांगलीहून एक वाचक

उत्तर : लायसन्सचा प्रश्न सुप्रीम कोर्टानं मिटवलाय. 2017 चा निकाल होता, त्यावर परत शंका निघाली, मग नोव्हेंबर 2024 ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं तोच कायम केला, एकूण वजन 7500 किलोपर्यंत असलेली मालवाहू गाडी एलएमव्ही लायसन्सवर चालते. तरी कुणी रस्त्यात अडवलं तर वाद न घालता निकालाची प्रिंट दाखवा, मी तरी गाडीत ठेवतो.

परमिटचं वेगळं आहे. मोटार वाहन कायद्यात 3000 किलोपर्यंत एकूण वजन असलेल्या मालवाहू गाडीला परमिटची सूट आहे. एकूण वजन म्हणजे गाडी अधिक माल, नुसता माल नाही, इथंच लोक फसतात. आरसीवर जीव्हीडब्ल्यू, म्हणजे हेच एकूण वजन, लिहिलेलं असतं ते बघा. मोठ्या पिकअप 3000 च्या पुढं जातात, मग परमिट काढावंच लागतं. शोरूमवाला म्हणाला काही लागत नाही तर त्याच्याकडून लिहून घ्या, बघा लिहून देतो का.

प्रश्न : (डॅलसच्या त्याच वाचकाचा, दोन दिवसांनी आलेला मेल) शेजाऱ्यांना शेणखताचं विचारलं. ते म्हणाले त्यांनी हौद्यात कधीच काही घाण टाकलं नाही, रंगाला ओरखडे येतील. आणि या शनिवारी त्यांना झाडांसाठी खत आणायचंय, तर माझी गाडी मिळेल का विचारलंय. देऊ का?

उत्तर : द्या. धुवून परत करायला सांगा.