आठव्या महिन्यात रात्रभर हातापायाला खाज सुटते, अंगावर पुरळ काहीच नाही, काय करू?

ताई, तुम्ही लिहिलंय की बत्तिसावा आठवडा चालू आहे, तळहात आणि तळपाय रात्री इतके खाजतात की डोळ्याला डोळा लागत नाही, पुरळ नाही फोड नाही, आणि घरचे म्हणतायत उष्णता झालीय. उत्तर जरा लांबणार आहे माझं, पण आधी हे करा, उद्या सकाळी तुमच्या डॉक्टरांना फोन लावा आणि विचारा की कोलेस्टॅसिस, म्हणजे गरोदरपणातला यकृताचा त्रास, तर नाही ना हे बघायला एलएफटी (यकृताची तपासणी) आणि बाईल ॲसिड (रक्तातली पित्ताची आम्लं) ह्या दोन रक्ताच्या तपासण्या करून घेऊ का. पुढच्या व्हिजिटपर्यंत थांबू नका. बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

मी डॉक्टर नाही हां. कोल्हापुरात राहते, घरी ब्लाऊज शिवते. पण तुम्ही जे लिहिलंय ते मी पहिल्या बाळंतपणात अक्षरशः तसंच भोगलंय म्हणून लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

माझं सुरू झालं मे महिन्यात, ऐन लग्नसराईत, तिसावा आठवडा असेल. तळपायाच्या मधोमध कुणीतरी खाजकुयली लावल्यासारखं. मशीनच्या पायडलला ती लोखंडी जाळी असते बघा, मी शिवता शिवता चप्पल काढून तळपाय त्यावर घासत बसायची आणि मला वाटायचं दिवसभर बसून पायाला मुंग्या येत असतील. मग तळहात. कात्री धरली की हात शिवशिवायचा. दिवसा कसंतरी निभायचं, पण रात्री अकरा वाजले, अंथरुणाला पाठ टेकली की जी आग सुटायची ती पहाटेपर्यंत. मिस्टर म्हणायचे तळहात खाजतोय म्हणजे पैसे येणार. तसं असतं तर त्या महिन्यात बाजारपेठेचा अख्खा महाद्वार रोड आमचा झाला असता.

आणि आमच्या आत्ती, म्हणजे सासूबाई. त्यांचं म्हणणं, "बाळाला जावळ दाट हाय, म्हणून खाजतंय, मी सांगतो तुला." मी म्हटलं आत्ती, बाळ पोटात आहे, तळपायात नाही. तरी पण त्यांनी माझा तांबडा रस्सा बंद केला, सब्जा सुरू केला, गुलकंद आणला, रात्री तळपायाला खोबरेल चोळून द्यायच्या बिचाऱ्या. त्यांच्यावर राग नाही माझा. सब्जानं, गुलकंदानं वाईट काही झालं नाही, फक्त त्यात तीन आठवडे गेले.

खरा राग येतो तो ज्या दवाखान्यात मी तेव्हा नाव घातलं होतं त्यांचा. तिथं सांगितलं तर म्हणे पोट ताणतंय, नॉर्मल आहे, मॉइश्चरायझर लावा. मी म्हटलं पोट खाजत नाहीय हो, तळवे खाजतायत. त्यांनी हात उलटा सुलटा करून बघितला आणि म्हणाले, इथं तर काहीच दिसत नाही. हे वाक्य मला पुढं पण कितीतरी जणांनी ऐकवलं. काही दिसत नाही म्हणून कुणाला खरं वाटत नाही, आणि ह्या दुखण्याची खूण नेमकी हीच आहे की काही दिसत नाही! दिसतात ते फक्त आपल्याच नखांचे ओरखडे.

एका रात्री मी न्हाणीत बसून वज्रीनं तळपाय घासले. टाच घासायची पितळी वज्री असते ना तीच. घासताना एवढं बरं वाटलं की थांबलेच नाही, आणि खाली बघितलं तर पाण्यात रक्त. तेव्हा मात्र आईला फोन केला, रात्री दीड वाजता. आई गप्प झाली जरा आणि म्हणाली, अगं तुझ्या वेळी मला पण असंच व्हायचं, मी ओल्या पोत्यावर पाय ठेवून झोपायची. इतकी वर्षं हे तिनं कधी सांगितलंच नव्हतं, कारण खाजेचं काय सांगायचं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर बदलल्या. ह्या बाईंनी हात बघितलाच नाही, आधी विचारलं रात्री वाढतं का, तळहात तळपायालाच जास्त आहे का, लघवी गडद होते का, शी पांढरट होते का, आणि आईला किंवा बहिणीला असं झालं होतं का. शेवटच्या प्रश्नाला मी चाटच पडले. हे पुष्कळदा घराण्यात असतं म्हणे.

माझं निघालं ते हेच कोलेस्टॅसिस. मला समजलं ते असं की आपलं यकृत पित्त तयार करतं आणि ते आतड्यात सोडतं, गरोदरपणात हार्मोन्स वाढल्यावर काही बायकांमध्ये ते सोडायचं काम मंदावतं, मग पित्तातली आम्लं रक्तात साचतात आणि खाज सुटते. आता इथं एक घोटाळा होतो. पित्त म्हटलं की आपल्याकडं लोकांना अंगावर उठतं ते पित्त आठवतं, गांधी येतात ते, किंवा ॲसिडिटी. मी घरी येऊन पित्ताचं आहे म्हटल्याबरोबर आत्तींनी आमसुलं भिजत घातली. तर हे ते पित्त नाही. आमसुलाचं पाणी लावून हे उतरत नाही, उपाशी राहून नाही, तिखट सोडून पण नाही. आणि अंगावर गांधी नसतात हाच तर फरक आहे.

माझा एसजीपीटी, म्हणजे एलएफटीतला यकृताचा एक आकडा, आला १८०, जो साधारण चाळीसच्या आत पाहिजे. बाईल ॲसिडचं सॅम्पल बाहेरगावी गेलं, रिपोर्टला तीन दिवस लागले, आला ४६. एलएफटीच्या रिपोर्टमध्ये अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेलं दिसलं तर त्यानं घाबरू नका, ते वारेमुळं गरोदरपणात तसंही वाढतं, एसजीपीटी एसजीओटी आणि बिलिरुबिन बघायचं. आणि पहिला रिपोर्ट नॉर्मल आला आणि खाज तशीच राहिली तर एक दोन आठवड्यांनी परत करून मागा, कारण कधी कधी खाज आधी येते आणि रक्तात मागाहून दिसतं.

आता बाळाचं. नेटवर ह्या नावानं शोधलंत तर पहिल्याच पानावर बाळ पोटातच दगावण्याच्या गोष्टी येतात आणि मी ते वाचून रात्रभर रडले होते, म्हणून नीट आकडा सांगते. बाईल ॲसिड ४० च्या खाली असेल तर तो धोका इतर गरोदर बायकांएवढाच असतो. ४० ते ९९ मध्ये पण ३८-३९ आठवड्यांपर्यंत फारसा वाढत नाही. १०० च्या वर गेलं की मात्र खरी काळजी, तिथं तो शंभरात तीनच्या आसपास जातो, म्हणून अशांची डिलिव्हरी ३५-३६ आठवड्यांतच करायचा विचार करतात. म्हणजे सगळा खेळ त्या एका आकड्यावर आहे, आणि तो आकडा तपासल्याशिवाय कळत नाही. खाज किती आहे त्यावरून कळत नाही, कमी खाज असून आकडा मोठा असू शकतो आणि माझ्यासारखी रक्त येईपर्यंत घासणारी मधल्या गटात असू शकते. जुळं असेल, बीपी किंवा शुगर असेल तर डॉक्टर अजून लवकर सावध होतात.

औषध म्हणून मला उर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या. खरं सांगायचं तर जादू झाली नाही, खाज दहातली सातवर आली असेल. नंतर वाचलं की इंग्लंड आणि वेल्समध्ये ६०५ बायकांवर ह्या गोळीची मोठी चाचणी झाली होती, २०१९ साली निकाल आला, त्यात बाळाचा धोका कमी झाला नाही आणि खाज पण थोडीच कमी झाली. म्हणून काही डॉक्टर देतात काही देत नाहीत, दोघंही चुकीचे नाहीत. रात्री झोपेसाठी ॲलर्जीची झोप आणणारी गोळी पण दिली होती, ती खाजेला नाही, झोपेलाच. ह्यातलं काहीही मेडिकलमधून स्वतः आणून घेऊ नका. काविळीचं झाडपाल्याचं औषध, लिव्हरचे काढे हे तर अजिबात नको, आमच्याकडं पण एकजण काविळीची माळ घालायला न्यायला टपले होते. माळ घातली तर घाला हो, गळ्यात राहील बिचारी, पण पोटात काही घेऊ नका.

रात्र कशी काढायची हे तुम्ही खास विचारलंय. मला जे उपयोगी पडलं ते गार. शहाबादी फरशीवर अनवाणी उभी राहायची, स्वयंपाकघरातली ओट्याखालची फरशी सगळ्यात गार असते. घमेल्यात गार पाणी घेऊन झोपायच्या आधी पंधरा मिनिटं पाय बुडवून बसायचं, बर्फ नाही, साधं माठातलं पाणी. जुन्या सुती साडीचे तुकडे ओले करून डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवायचे आणि रात्री उठलं की तळहाताभोवती गुंडाळायचे, फॅनखाली. कॅलामाइन लोशन पण फ्रीजमध्येच ठेवा. मेंथॉलवालं क्रीम डॉक्टरांना विचारून लावा, लावल्यावर दहा वीस मिनिटं छान जातात, तेवढ्यात डोळा लागतो का बघायचं. गरम पाण्यानं अंघोळ केली की मात्र माझी खाज दुप्पट व्हायची, ते मी कोमटवर आणलं. नखं अगदी बारीक कापा. खाजवायचंच झालं तर तळहातानं चोळा किंवा नुसतं दाबून धरा, नखं लावू नका. पायमोजे घालून झोप असं कुणीतरी सांगितलं होतं, उन्हाळ्यात ते मला जमलं नाही. दुपारी जमेल तेव्हा झोपा, कामं पडू देत. मी पाच ब्लाऊज परत केले, गिऱ्हाइकं चिडली, दिवाळीला परत आली.

सगळीच खाज ही नसते, हे पण सांगायला पाहिजे. पोटावरच्या ताणाच्या रेषांमध्ये लाल बारीक पुरळ येऊन तिथून मांड्यांवर पसरलं आणि बेंबीभोवती मोकळं राहिलं तर ते बहुतेक गरोदरपणातलं वेगळं पुरळ असतं, त्रास भयंकर पण बाळाला काही होत नाही. बेंबीपासून पाण्याचे फोड येत असतील तर मात्र स्किनच्या डॉक्टरांना लगेच दाखवा. घरात सगळ्यांनाच रात्री खाज असेल, बोटांच्या बेचक्यात, तर खरूज. आणि नुसतं पोट ओढून खाजत असेल तर ते खरंच नॉर्मल, तिथं खोबरेल बास.

डोळे पिवळे दिसले, ताप आला, उलट्या होतायत, जेवण जात नाहीय असं असेल तर ते कोलेस्टॅसिस समजून घरी बसू नका. आपल्या भागात दूषित पाण्यानं काविळीच्या साथी येतात, २०१२ ला इचलकरंजीत केवढी मोठी आली होती आठवत असेल, आणि त्यातली हिपॅटायटिस ई गरोदर बाईला शेवटच्या महिन्यांत जिवावरची असते. तसंच बाळाचं हलणं कमी झालं असं वाटलं तर खाज असो नसो, रात्रीचे दोन असोत, दवाखाना. मला एनएसटी (पट्टा लावून बाळाचे ठोके बघायची तपासणी) करायचे पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं की एनएसटी आज चांगला आला म्हणजे उद्याची गॅरंटी नाही, म्हणून बाळाच्या हालचालीवर तुझं तूच लक्ष ठेव.

पैशाचा प्रश्न असेल तर सीपीआरला, म्हणजे कोल्हापुरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात जा, सरकारी दवाखान्यात गरोदर बाईच्या तपासण्या आणि औषधं मोफत असतात, बाईल ॲसिड तिथं होतं का बाहेर पाठवतात ते विचारून घ्या.

माझी डिलिव्हरी ३८ आठवडे भरल्यावर कळा आणायचं औषध देऊन केली, नॉर्मल झाली. तिसऱ्या दिवशी खाज गायब, मी सारखी तळहात बघत होते. मुलगी झाली, जावळ नावाला. आत्ती म्हणाल्या, "खाजवून खाजवून घालवलंस." सहा आठवड्यांनी एलएफटी परत केली ती नॉर्मल आली, ती करायची विसरू नका. पुढच्या वेळी हे परत व्हायची शक्यता बरीच असते म्हणून फाईलवर लिहून ठेवायला सांगा, आणि नंतर पाळणा लांबवायच्या गोळ्या घ्यायच्या झाल्या तर घ्यायच्या आधी हे झालं होतं असं सांगा, काहींना त्यानं खाज परत सुरू होते.

रिपोर्ट आला की आकडा इथं टाका, मी बघते. आणि घरात वज्री असेल तर आजच कुणाला तरी लपवून ठेवायला सांगा.